लिमलेटच्या गोळ्या आणि ग्लासातल्या पारंब्या

भाचीच्या सत्ताविसाव्या वाढदिवसाची पार्टी नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर करायचे ठरले, तेव्हा तिने मोबाइलवर एक रील माझ्यापुढे धरले. त्यात बोटभर उंचीच्या काचेच्या ग्लासात दारूचे लाल, केशरी, हिरवा असे गोळ्यांच्या बरणीतले रंग एकावर एक थर करून बसलेले दिसत होते आणि निवेदिका अतिशय गंभीर स्वरात सांगत होती की प्रत्येक रंगाची ऊर्जा वेगळी असल्यामुळे तो शरीरातील चक्रांप्रमाणे आपापल्या पातळीवर स्थिरावतो. भाऊजी अभियंते असल्याने त्यांना हे पटणे शक्यच नव्हते. त्यांनी आपला खुलासा दिला: सावजीच्या रश्श्यावर जशी तर्री वेगळी राहते, तसेच हे द्रव एकमेकांत मिसळत नाहीत. "मामा, यातले खरे काय?" असे भाचीने विचारले. खरे यातले काहीच नव्हते, आणि म्हणून हा लेख.

चक्रांचा निकाल लावणे सोपे आहे, कारण रंगांची अदलाबदल केली की थरांचीही होते आणि ऊर्जेला त्याचा पत्ताही लागत नाही. तर्रीचा दाखला मात्र अधिक फसवा आहे, कारण तो निम्मा बरोबर आहे. तर्री म्हणजे तेल असते, तेल पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे वर येते. ग्लासातले थर मात्र पाणी, साखर आणि अल्कोहोल या तिघांचेच बनलेले असतात, आणि हे तिघे एकमेकांत सुखाने मिसळतात. रील बनवणाऱ्याने शेवटी चमचा फिरवून दाखवला असता, तर सगळ्याचा एकच मळकट तांबूस काढा झाला असता आणि तो पुन्हा कधीही थरांमध्ये वेगळा झाला नसता. थोडक्यात, प्रश्न हे द्रव का मिसळत नाहीत हा नसून, मिसळू शकत असूनही ते इतका वेळ का थांबतात, हा आहे.

पहिले उत्तर शाळेतलेच आहे: घनता. एक मिलिलिटर पाण्याचे वजन सुमारे १ ग्रॅम भरते, शुद्ध अल्कोहोलचे ०.७९ ग्रॅम, साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन केलेल्या पाकाचे १.२३ ग्रॅम आणि मधाचे सुमारे १.४ ग्रॅम. जड द्रव खाली, हलका वर. येथे बोलीभाषा आपल्याला चकवते, कारण आपण घट्ट आणि जड हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. तर्री पाण्यापेक्षा कितीतरी घट्ट असते, तरीही ती तरंगते. घट्टपणा म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, तर घनता म्हणजे ठरावीक जागेत मावलेले वजन, आणि थर कोणत्या क्रमाने लागणार हे केवळ घनता ठरवते.

हे समजल्यावर सात प्रकारच्या महागड्या बाटल्या आणण्याची गरजच उरत नाही. आम्ही इतवारीतून लिमलेटच्या सुट्या गोळ्या आणल्या, रंगांप्रमाणे निवडून वेगळ्या केल्या आणि एकाच व्होडकाच्या बाटलीत भागवले. (ही गोळी म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काचच असते: साखरेचा पाक दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास आटवून इतक्या झटपट थंड करतात की रेणूंना स्फटिकाच्या रांगेत उभे राहायला सवडच मिळत नाही. खडीसाखर आणि लिमलेट यांच्यात एवढाच काय तो फरक.) भारतीय बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असे छापलेले असते. अशा व्होडकाची घनता सुमारे ०.९४ भरते, म्हणजे ती पाण्यापेक्षा हलकी. आमच्या गोळ्या वजनाला साधारण ४ ग्रॅमच्या निघाल्या. शंभर मिलिलिटरमध्ये ५ हिरव्या गोळ्या विरघळवल्यावर घनता हिशेबाने १.०२ वर जाते, १० केशरी गोळ्यांनी १.०८ वर आणि १५ लाल गोळ्यांनी १.१२ वर. झाकणाच्या बरणीत रात्रभर ठेवून अधूनमधून हलवले की गोळ्या पूर्ण विरघळतात. खाली लाल, त्यावर केशरी, मग हिरवा आणि सर्वांत वर बिनगोळीची पारदर्शक व्होडका, असे चार थर एकाच दारूचे आणि एकाच गोळीचे होतात. पंधरा हिरव्या आणि पाच लाल घेतल्या, तर हाच झेंडा उलटा फडकतो.

एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. साखरेमुळे व्होडकाची धार जिभेला जाणवत नाही, पण ती फारशी बोथटही होत नाही. दहा गोळ्यांच्या थरात सुमारे ३४ टक्के अल्कोहोल शिल्लक असते, आणि गोळीच्या चवीमुळे पिणाऱ्याला सरबताचा भास होतो. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदीच आहे, हे पाहुण्यांच्या यादीवरून नजर फिरवताना ध्यानात ठेवलेले चांगले. मुलांसाठी हाच खेळ व्होडकाऐवजी साध्या पाण्याने जसाच्या तसा जमतो, कारण थर साखरेच्या फरकावर उभे असतात.

चमच्याच्या पाठीवरून ओतण्याला रीलमध्ये गुपित म्हटले होते, पण त्यात गूढ काही नाही. पाच सेंटिमीटर उंचीवरून पडणारी धार पृष्ठभागावर आदळताना तिचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास असतो. घनतेत पाच टक्के फरक असलेला एक सेंटिमीटर जाडीचा थर विस्कटायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या ढोबळमानाने शंभरपट ऊर्जा त्या धारेत असते. चमचा ती ऊर्जा खाऊन टाकतो आणि द्रव पसरत, रेंगाळत खाली उतरतो. मेडिकलच्या दुकानात मिळणारी दहा मिलिलिटरची सिरिंज, सुई न लावता, ग्लासाच्या आतल्या कडेला टेकवून हळूहळू दाबली, तर चमच्यापेक्षाही सुबक काम होते.

थर एकदा बसला की तो टिकतो, कारण मिसळण्याचा दुसरा मार्ग, म्हणजे रेणूंची स्वतःची भटकंती, कमालीचा संथ असतो. या भटकंतीला विसरण म्हणतात. तिचे नियम १८५५ मध्ये अ‍ॅडॉल्फ फिक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांडले. पाण्यात साखरेच्या रेणूला एक मिलिमीटर सरकायला साधारण पाव तास लागतो. अंतर दहापट झाले की वेळ मात्र शंभरपट होतो, त्यामुळे एक सेंटिमीटर पार करायला त्याला एका दिवसाहून अधिक काळ हवा. पार्टी त्याआधी संपलेली असते.

येथवर सगळे पाठ्यपुस्तकाप्रमाणे चालले होते. मग मला अवदसा आठवली. नागपुरात राहून संत्र्याला वगळायचे कसे, म्हणून मी तळाशी ताज्या संत्र्याचा गाळलेला रस घालायचे आणि त्यावर पाच गोळ्यांची हिरवी व्होडका सोडायचे ठरवले. हिशेब चोख होता. संत्र्याच्या रसात वजनाने दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते, त्यामुळे त्याची घनता सुमारे १.०४ येते आणि हिरव्या व्होडकाची १.०२. जड खाली, हलके वर. थर सुरेख बसला, सीमारेषा सुरीने कापल्यासारखी आली. पण काही मिनिटांत त्या रेषेखाली बारीक, हिरवट, दोऱ्याएवढे जाड धागे लोंबू लागले. हात लावला नव्हता, ग्लास हलला नव्हता. वडाच्या पारंब्यांसारखे ते एकमेकांपासून सारख्या अंतरावर खाली उतरत गेले आणि त्यांच्यामधून रसाचे फिके धागे वर चढले. अर्ध्या तासात रेषेच्या जागी गढूळ पट्टा उरला. हलके द्रव वर असूनही खाली आले होते, आणि आर्किमिडीजकडे त्याचे उत्तर नव्हते.

उत्तर आहे ते दोन वेगवेगळ्या चालींमध्ये. वरच्या हिरव्या थरात दोन गोष्टी रसापेक्षा जास्त आहेत: अल्कोहोल, जे थराला हलके करते, आणि साखर, जी त्याला जड करते. शंभर मिलिलिटर हिरव्या व्होडकात जवळजवळ १८ ग्रॅम साखर आहे, रसात मात्र दहाच्या आसपास. अल्कोहोलचा हलकेपणा साखरेच्या जडपणावर मात करतो, म्हणून एकंदर थर हलका ठरतो आणि वर राहतो. पण हा समतोल उसना आहे, कारण अल्कोहोलचा रेणू लहान असल्यामुळे तो पाण्यात साखरेच्या दुपटीहून अधिक वेगाने पसरतो.

आता कल्पना करा की सीमारेषेवर कुठेतरी, नगण्य थरथरीने, हिरव्या द्रवाची एक बारीक जीभ रसात किंचित खाली शिरली. तिच्या चारही बाजूंना रस आहे. तिच्यातले अल्कोहोल भराभर बाजूच्या रसात निसटते, साखर मात्र मंद असल्याने आतच अडकून राहते. म्हणजे हलके करणारा घटक गेला आणि जड करणारा उरला. जीभ सभोवतालच्या रसापेक्षा जड होते आणि आणखी खाली उतरते, तेथे आणखी अल्कोहोल गमावते, आणखी जड होते. शेजारच्या रसाचे उलटे घडते: त्याला अल्कोहोल आयते मिळते, साखर फारशी मिळत नाही, तो हलका होऊन वर चढतो. एक खाली, एक वर, असा शेजार सुरू होतो. धागे बारीक का असतात, हेही यातूनच कळते. जीभ फार रुंद असली तर तिच्या पोटातले अल्कोहोल वेळेत बाहेर पडू शकत नाही; फार अरुंद असली तर साखरही निसटते आणि शिवाय द्रवाचा घट्टपणा तिला पुढे सरकू देत नाही. या दोन अडचणींच्या मधली जी रुंदी असते, तिचीच पारंबी वाढते. एकूण घनतेचा फरक हा अल्कोहोलचे योगदान वजा साखरेचे योगदान असा निघतो, आणि या दोन योगदानांचे गुणोत्तर एकापेक्षा मोठे पण दोघांच्या विसरणवेगांच्या गुणोत्तरापेक्षा लहान असेल, तर वरवर स्थिर दिसणारा थर आतून पोखरला जातो. आमच्या ग्लासात पहिले गुणोत्तर पावणेदोन ते दोनच्या घरात येत होते आणि दुसरे सव्वादोनच्या आसपास. मी कागदावर घनता मांडली होती, गुणोत्तर मांडले नव्हते.

अशा धाग्यांवर विचार करणाऱ्यांत एक अनपेक्षित नाव आहे. पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत नोकरीला होते. आकाशातले पिसांसारखे ढग असे तंतुमय का दिसतात, हे समजून घेण्यासाठी १८५७ मध्ये काचेच्या भांड्यात द्रवांचे थर लावत असताना त्यांना हे धागे दिसले. ढगांबद्दलचा त्यांचा तर्क टिकला नाही, निरीक्षण टिकले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५६ मध्ये, समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टोमेल आणि सहकाऱ्यांनी समुद्रात उभी नळी सोडली तर खारट पाण्याचे कारंजे आपोआप चालू राहील अशी कल्पना मांडली, आणि १९६० मध्ये मेल्विन स्टर्न यांनी नळीची गरजच नाही हे दाखवून दिले. समुद्रात वर गरम आणि खारट, खाली थंड आणि कमी खारट असे पाणी असले, की उष्णता हे आमच्या अल्कोहोलचे काम करते आणि मीठ साखरेचे. पाण्यात उष्णता मिठाच्या सुमारे शंभरपट वेगाने पसरते, त्यामुळे तेथे पारंब्या फारच सहज फुटतात. प्रयोगशाळेत उष्णता सांभाळणे कटकटीचे असल्याने संशोधक सर्रास मिठाच्या द्रावणावर साखरेचे द्रावण ओततात. अटलांटिकच्या उष्ण कटिबंधातल्या पाण्यात, कॅरिबियन बेटांच्या पूर्वेला, पारंब्यांमुळे पाण्याच्या खोलीत अक्षरशः जिन्यासारख्या पायऱ्या तयार झालेल्या मोजल्या गेल्या आहेत.

गुणोत्तराचे गणित वाचताना कोणी मध्येच चहा ठेवायला उठून गेले असेल, तर त्यांच्यासाठी व्यवहारातला भाग एवढाच की वरच्या थरात खालच्यापेक्षा जास्त साखर असता कामा नये, मग तो थर कितीही हलका असो. गोळ्यांच्या चार थरांत हे आपोआपच साधले होते, कारण तळाकडे जाताना साखर वाढत होती आणि अल्कोहोल कमी होत होते, म्हणजे दोन्ही घटक एकाच बाजूने जोर लावत होते. रसाच्या ग्लासात ते एकमेकांविरुद्ध ओढत होते. याचा उपाय म्हणून शंभर मिलिलिटर रसात २५ ग्रॅम साखर विरघळवली, त्याने रसातली साखर हिरव्या व्होडकाच्या पुढे गेली आणि घनताही १.११ च्या वर पोचली. नवा ग्लास भरून ओट्यावर ठेवला आणि घड्याळ लावले. तासाभराने रेषा जरा धूसर झाली होती, पारंबी एकही नव्हती.

आणखी एक बारकावा नागपूरकरांसाठी. फ्रिजमधून काढलेला द्रव आणि मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात तापलेला द्रव यांच्यात वीस अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्याने व्होडकाची घनता एक-दीड टक्का बदलते. शेजारच्या थरांच्या घनतेत दोन शतांशांचाच फरक ठेवला असेल, तर केवळ तापमानानेही बेत बिघडू शकतो. सगळ्या बरण्या एकत्र फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि एकत्रच बाहेर काढाव्यात.

पार्टीच्या संध्याकाळी ट्रेवर दुरुस्त केलेले ग्लास ओळीने मांडले, तेव्हा भाचीने ते नीट न्याहाळले आणि विचारले, "मामा, ते धागे लोंबणारे कुठे गेले?" ते बिघडलेले होते, हे तिला सांगून उपयोग झाला नाही. शेवटी साखर न घातलेला रस पुन्हा गाळला, त्यावर सिरिंजने हिरवी व्होडका सोडली, आणि पाहुणे चार थरांचे ग्लास हातात धरून त्या एका ग्लासाभोवती मोबाइलचे दिवे लावून उभे राहिले.