नवापूर, जि. धुळे: वाचून शिकणाऱ्या संगणकांची पार्श्वभूमी

१९८४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एका प्रकल्पात सामान्यज्ञानाचे नियम माणसेच संगणकात भरत होती. १९९२ मध्ये मजकुरातल्या ठरावीक साच्यांवरून तथ्य उचलण्याची युक्ती मांडली गेली. ‘केळी, कापूस यांसारखी पिके’ एवढ्यावरून केळी हे पीक आहे हे यंत्राला कळावे, अशी ती कल्पना. (युक्ती इंग्रजीसाठी होती. मराठीत ‘धुळे’चे ‘धुळ्याहून’ होते, म्हणून आधी मूळ रूप शोधण्याचे काम वाढते.)

गाजली ती जानेवारी २०१० मध्ये पिट्सबर्गच्या एका विद्यापीठात सुरू झालेली प्रणाली. माहितीचे शेकडो प्रकार, प्रत्येकाची दहा-पंधरा उदाहरणे आणि कोट्यवधी वेबपाने एवढ्या शिदोरीवर ती रात्रंदिवस वाचत होती. ऑक्टोबरपर्यंत सुमारे ३,९०,००० तथ्ये जमली, अचूकता अंदाजे ८७ टक्के. ब्राउझरमधल्या ‘कुकीज’ तिने बेकरीच्या मालात टाकल्या. मग कुकीजसारख्याच ‘डिलीट’ होतात म्हणून संगणकातल्या फायलीही त्याच पंगतीला बसल्या! एका चुकीवर पुढची चूक रचली जाते हे दिसल्यावर माणसांना अधूनमधून हात घालावाच लागला.

वादाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. घसरण रोखण्यासाठी या पिढीच्या प्रणालींनी दोन आडाखे वापरले. एखादी गोष्ट अनेक ठिकाणी आढळली की तिच्यावरचा विश्वास वाढवायचा. आणि जिथे उत्तर एकच असू शकते तिथे दुसरे उत्तर बाद करायचे. माणसाच्या जन्मगावापुरते हे ठीक. ‘नंदुरबार कोणत्या जिल्ह्यात?’ या प्रश्नाला ते लागू करून पाहा. १९०६ पर्यंत अखंड खानदेश जिल्हा, मग पश्चिम खानदेश, १९६० मध्ये त्याचाच धुळे जिल्हा आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार स्वतंत्र. चारही उत्तरे आपापल्या काळात बरोबर. ‘एकच उत्तर’ म्हटले की त्यातली तीन चुकीची ठरतात, आणि जास्त वेळा छापलेले जिंकते. तथ्याला ‘कधीपासून, कधीपर्यंत’ ही दोन घरे पहिल्यापासून द्यायला हवी होती. बहुतेक पानांवर नीट तारीख नसते, हा बचाव खरा आहे. पण तारीख माहीत नाही म्हणून ते घरच न ठेवणे मला पटत नाही.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या एका खुल्या ज्ञानसाठ्यात ही सोय पुढे आली, संदर्भासकट. त्यानंतरच्या मोठ्या भाषा-मॉडेल्समध्ये मात्र असा तक्ताच नसतो. वाचलेले सगळे मॉडेलच्या आतल्या आकड्यांत मुरलेले असते. म्हणून उत्तर देण्याआधी त्यांना ताजी पाने शोधून वाचायला लावतात.

पण जुने ते टाकून द्या, एवढ्याने खानदेशात भागत नाही. १९९८ मध्ये सहा तालुके नंदुरबारकडे गेले, चार धुळ्यातच राहिले. १९९५च्या एकाच यादीतले ‘नवापूर, जि. धुळे’ आज चूक आहे, आणि त्याच्याच खालचे ‘साक्री, जि. धुळे’ बरोबर.