चेनसॉ सुरू होईना: पेट्रोल जास्त झालंय की पोचलेलंच नाही?

दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि मशीन ढिम्म हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण चोक (हवेची वाट अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) पुन्हा लावतात आणि दोरी आणखी जोरात ओढतात. पुष्कळदा याच उपायाने मशीन जास्त बसतं. कारण पेट्रोलवरचा चेनसॉ, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘कटर’ म्हणतात तो, सुरू न होण्याची दोन मुख्य कारणं अगदी एकमेकांविरुद्ध आहेत. एकात इंजिनमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलेलं असतं, मेकॅनिक ज्याला ‘ओव्हर झालंय’ म्हणतात. दुसऱ्यात पेट्रोल आत पोचलेलंच नसतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. उपाय मात्र उलटे आहेत. उपाशी मशीनला चोक हवा असतो, ओव्हर झालेल्याला चोक लावला की ते आणखी ओव्हर होतं.

दोरीवरून यातलं काही कळत नाही. कळतं ते इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगवरून, म्हणून प्लग खोलायचा आळस करू नका. मशीनसोबत येणाऱ्या पान्याचं एक तोंड बहुधा प्लगचंच असतं आणि काम दोन मिनिटांचं आहे. स्विच बंद करा, प्लगची टोपी काढा, प्लग बाहेर घ्या आणि टोक उजेडात धरा. इलेक्ट्रोडच्या फटीत (बहुतेक चेनसॉमध्ये ती साधारण ०.५ मिमी असते) थेंब अडकलेला दिसला, बोट लावल्यावर तेलकट ओल आली, भोकातून पेट्रोलचा वास नाकात घुसला, तर मशीन ओव्हर आहे. टोक कोरडं ठणठणीत असेल आणि इतक्या वेळा दोरी ओढूनही वास नसेल, तर पेट्रोल वाटेतच कुठेतरी अडलंय.

ओव्हर होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे एक छोटासा आवाज ऐकायचा राहून जातो. थंड मशीन पूर्ण चोकवर ओढलं की पहिल्या काही ओढींतच ‘फट्’ असा एकदाच आवाज येतो आणि इंजिन गप्प होतं. तो आवाज म्हणजे पेट्रोल पोचल्याची पावती. त्याच क्षणी चोक काढून पुढची ओढ घ्यायची असते. पण शेजारी दुसरं मशीन चालू असेल किंवा कान झाकलेले असतील, तर तो आवाज निसटतो. चोक बंदच राहतो. हवेची वाट बंद आणि दोरीच्या प्रत्येक ओढीबरोबर नुसतं पेट्रोल आत. प्लग भिजला की ठिणगी फटीतून उडी मारण्याऐवजी ओल्या भागावरून निसटते. मग कितीही ओढा.

दुसरं कारण गरम मशीनचं. अर्धा तास लाकूड कापलं, पेट्रोल भरायला मशीन बंद केलं, पुन्हा सुरू करताना सवयीने चोक लावला. गरम इंजिनला चोक लागत नाही. मधल्या सुट्टीनंतर जे मशीन रुसतं, ते बहुतेक असंच ओव्हर झालेलं असतं. एअर फिल्टर भुशाने गच्च भरलेला असेल तरी परिणाम तोच, कारण हवा कमी पडते आणि मिश्रण दाट होतं. फिल्टर झटकायला काहीच लागत नाही, तो आधी बघावा.

फुग्याबद्दल मात्र एक गैरसमज आहे. कार्बोरेटरजवळचा पारदर्शक रबरी फुगा जास्त दाबला तर मशीन ओव्हर होतं, असं अनेक जण सांगतात. बहुतेक चेनसॉमध्ये हा फुगा इंजिनमध्ये पेट्रोल मारतच नाही. तो टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरमधून खेचतो, अडकलेली हवा काढतो आणि उरलेलं पेट्रोल परत टाकीत सोडतो. म्हणून तो पूर्ण भरेपर्यंत बिनधास्त दाबावा. निदानालाही त्याचा उपयोग होतो. आठ-दहा वेळा दाबूनही फुगा भरत नसेल किंवा आत नुसते बुडबुडे फिरत असतील, तर प्लग काढण्याआधीच समजा की पेट्रोल येत नाहीये.

आता ओव्हर झालेल्या मशीनचा उपाय. नुसता प्लग पुसून लावणं पुरत नाही आणि याचं कारण टू-स्ट्रोक इंजिनच्या रचनेत आहे. यात पेट्रोल-तेलाचं मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत जातं आणि तिथून सिलिंडरमध्ये चढतं. खाली साचलेलं पेट्रोल तसंच राहिलं, तर पुसलेला प्लग दोन ओढींत पुन्हा भिजतो. म्हणून स्विच बंद ठेवून, चोक पूर्ण काढून, प्लगचं भोक जमिनीकडे येईल असं मशीन उलटं धरायचं आणि दोरी सात-आठ वेळा ओढायची. प्लगची वायर भोकापासून लांब ठेवा, उडालेल्या पेट्रोलला एक ठिणगीसुद्धा पुरते. आसपास बिडी-सिगरेट पेटलेली नको, हे वेगळं सांगायला नको. प्लग फडक्याने कोरडा करा, दुसरा असेल तर तोच लावा. नंतर टोपी बसवून, स्विच चालू करून, चोक न लावता रेस पूर्ण दाबून ओढा. पाच-दहा ओढींत मशीन धूर ओकत सुरू होतं. पूर्ण रेसवर पेटल्यामुळे चेन फिरू पाहते, तेव्हा चेन ब्रेक (पुढच्या मुठीसमोरचा चेन थांबवणारा दांडा) आधीच पुढे ढकललेला हवा आणि इंजिन पेटताच रेस सोडायला हवी.

‘रात्रभर ठेवा, आपोआप सुकेल’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. पेट्रोल उडून जातं, पण त्यात मिसळलेलं टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं तेल, प्लगवर तसंच राहतं.

कोरड्या प्लगचं प्रकरण जास्त वेळखाऊ आहे. इथे आधी खात्री करून घ्यावी. प्लगच्या भोकात तेल मिसळलेल्या पेट्रोलचे चार-पाच थेंब टाका, प्लग लावा आणि ओढा. मशीन दोन-तीन सेकंद पेटून विझलं, तर इंजिन आणि ठिणगी ठीक आहेत, अडचण टाकी ते कार्बोरेटर या वाटेवर आहे. टाकीत तारेचा आकडा घालून पेट्रोलचा फिल्टर वर काढा. तो काळा, चिकट झाला असेल तर बदला. नळी टाकीतून बाहेर पडते तिथे बोटाने वाकवून पाहा, तडे बहुधा तिथेच जातात. मशीन काही मिनिटं चालून बंद पडत असेल आणि टाकीचं झाकण सैल केल्यावर पुन्हा चालत असेल, तर टाकीत हवा जाण्याचं भोक बुजलंय.

एवढं सगळं ठीक असेल तर उरतो कार्बोरेटर. चेनसॉ आडवा-उभा कसाही धरावा लागतो, म्हणून त्यात मोटरसायकलसारखा फ्लोट चालत नाही, रबरी पडदे असतात. एक पडदा क्रँककेसच्या दाबावर थरथरत पेट्रोल खेचतो, दुसरा सुई उघडून ते आत सोडतो. हे पडदे कडक झाले की पेट्रोल थांबतं. पडद्यांचा किट फार महाग नसतो, पण ते बसवायला स्वच्छ टेबल आणि सवयीचा हात लागतो. पहिल्यांदा करत असाल तर मेकॅनिककडेच द्या.

यातलं काय झालं असेल, याचा अंदाज मशीनच्या मागच्या दिवसांवरून बऱ्यापैकी बांधता येतो. काल नीट चाललेलं, आज कामाच्या मध्येच रुसलेलं मशीन बहुधा ओव्हर असतं. महिनोन्‌महिने पडवीत पडून राहिलेलं बहुधा उपाशी असतं. आणि आपल्याकडे अडचण नेमकी दुसऱ्या प्रकारची येते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूडपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, रस्त्यांवर झाडं पडली आणि कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. विजेची करवत अशा वेळी काय कामाची? पेट्रोलचं मशीनच लागतं, आणि तेच आदल्या हंगामातलं पेट्रोल पोटात घेऊन बसलेलं असतं.

तेल मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरापलीकडे ठेवू नये. त्यात आता पंपावर मिळणारं पेट्रोल बहुतेक ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल, तर अनेक चेनसॉच्या माहितीपुस्तकांत १० टक्क्यांची मर्यादा दिलेली असते. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि कोकणातल्या पावसाळी हवेत त्याला पाण्याची वानवा नाही. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल-पाण्याचा थर खाली बसतो. टाकीतला फिल्टरही तळाशीच असतो. तेल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये, म्हणजे असं मशीन कसंबसं सुरू झालंच तरी इंजिनला तेल मिळत नाही. शंका आली तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, थर डोळ्यांना दिसतो. नवं मिश्रण मात्र मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रमाणातच करा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली तेल, २५:१ असेल तर ४० मिली.

प्लग ओला आहे, मशीन उलटं करून रिकामं केलं, प्लग नवा लावला आणि तरीही ‘फट्’ नाही, असं झालं तर पेट्रोलचा नाद सोडा आणि करंट तपासा. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या धातूला टेकवा, भोकापासून शक्य तितका लांब, स्विच चालू करून दोरी ओढा. निळसर ठिणगी दिसली नाही तर स्विचची वायर, टोपी किंवा कॉइल गेलीय.