पिसांच्या मुकुटाचा गडी आला कुठून?

लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांमध्ये डोक्यावर पिसांचा मोठा मुकुट, पिळदार छाती, हातात भाला असा एक अॅझटेक (स्पॅनिश येण्याआधी मेक्सिकोत राज्य करणारे लोक) योद्धा जागोजागी दिसतो, दुकानांच्या भिंतींवर, लोरायडर म्हणजे जमिनीलगत खाली आणून सजवलेल्या गाड्यांच्या बॉनेटवर, पोरांच्या पाठीवर टॅटूमध्ये. बघणाऱ्याला वाटतं पिढ्यानपिढ्या चालत आलंय हे. तसं नाहीये, हे रूप बरंच नवं आहे आणि ते घडवण्यात सरकार, सिगरेट कंपनी आणि जेल अशा तिघांचा हात आहे.

यातला खराखुरा माणूस म्हणजे क्वाउतेमोक, अॅझटेकांचा शेवटचा राजा. १३ ऑगस्ट १५२१ ला तो स्पॅनिश लोकांच्या हाती लागला, सोनं कुठंय सांग म्हणून त्याचे पाय भाजले आणि १५२५ मध्ये स्पॅनिश सेनापती कोर्तेसने त्याला फासावर चढवलं. मेक्सिको सिटीत त्याचा तो प्रसिद्ध भालाधारी पुतळा बसला १८८७ ला, हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या राजवटीत, चौथऱ्यावर पाय भाजतानाचा प्रसंगही कोरलाय. आणि याच दियासच्या सरकारने पुढे उत्तर मेक्सिकोतल्या याकी आदिवासींना धरून धरून पार आग्नेय टोकाच्या युकातानच्या मळ्यांवर राबायला पाठवलं, म्हणजे आदिवासी ब्राँझचा असेल तर चालतो!

पण पुतळ्यामुळे काही हा अॅझटेक योद्धा घराघरात गेला नाही, गेला तो कॅलेंडरमुळे. हेसुस एल्गेरा नावाचा चित्रकार, जन्म मेक्सिकोतला, चित्रकला शिकला स्पेनमध्ये, तिथे सिव्हिल वॉर पेटल्यावर परत आला आणि सिगरेट कंपनीच्या कॅलेंडरांसाठी चित्रं काढायला लागला. त्याचं ज्वालामुखींच्या दंतकथेवरचं चित्र सगळ्यात गाजलं, मेलेली राजकन्या आडवी, शेजारी तिचा योद्धा, मागे बर्फाचे डोंगर, आणि दोघंही दिसायला सिनेमातल्या हिरो-हिरॉइनसारखे. बॉनेटवर आज जे रंगवतात ते बऱ्याचदा हेच.

अमेरिकेत या योद्ध्याला राजकारण चिकटलं १९६९ मध्ये. डेन्व्हरला चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन तरुणांची परिषद भरली आणि तिथे जाहीर झालं की अॅझटेकांची मूळ भूमी अॅझट्लान म्हणजे १८४८ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोकडून घेतलेला हाच मुलूख, आम्ही इथे उपरे नाही. पुढच्याच वर्षी सॅन डिएगोत पुलाखालच्या जागेवर पोलीस ठाणं बांधायला घेतलं तर लोकांनी जागाच ताब्यात घेतली, तेच आजचं चिकानो पार्क, पुलाचे खांब म्युरल्सनी, म्हणजे मोठ्या भित्तिचित्रांनी भरलेत. अमेरिकेतल्या तुरुंगांत तर चिकानो कैदी रुमालावर बॉलपेनने हेच योद्धे काढून घरी पाठवायचे, तिथली ती काळी-करडी शैली टॅटूच्या दुकानांपर्यंत गेली.

एक गोष्ट मात्र या चित्रांमध्ये शोधून सापडत नाही. अॅझटेकांना हरवणाऱ्या फौजेत स्पॅनिश थोडे होते, बाकी हजारोंनी होते ते त्लाश्कालासारख्या शेजारच्या राज्यांतले, कारण अॅझटेक त्यांची माणसं जिवंत पकडून बळी द्यायचे आणि जितके कैदी आणाल तितका सैनिकाचा हुद्दा वर जायचा. १५९१ मध्ये त्लाश्कालाची सुमारे ४०० कुटुंबं स्पॅनिशांनी उत्तरेकडे नेऊन वसवली, ईशान्य मेक्सिकोतल्या साल्तियोसारख्या ठिकाणी, आणि टेक्सासातल्या कित्येक मेक्सिकन घरांची मुळं त्याच पट्ट्यात आहेत. मेक्सिकोत मात्र त्लाश्कालाच्या लोकांना गद्दार म्हणून आजही टोमणे बसतात.