पुन्हा पडवळ!

शनिवारी सकाळी मुलुंडच्या आमच्या घरी भाजीची पिशवी येते. पाच वर्षांची लेक सगळ्यांत आधी तिच्यात डोकावते. "आई, पुन्हा पडवळ!" सलग तिसरा आठवडा.

ही वर्गणीची भाजी. मुरबाडकडच्या शेतकऱ्याला हंगामाचे पैसे आगाऊ द्यायचे आणि शेतात जे पिकेल त्यातला वाटा दर आठवड्याला घ्यायचा. पावसाने झोडपलं की पिशवी हलकी. नुकसानीतही आपण वाटेकरी. जपानमध्ये ही पद्धत १९७०च्या दशकात 'तेइकेइ' या नावाने रुजली, अमेरिकेत १९८६च्या सुमारास. निवड आपल्या हातात नसते, ही तिच्याबद्दलची नेहमीची कुरकुर. लहान मुलांचा फायदा मला नेमका तिथेच दिसतो.

साधारण दोन ते सहा या वयात मुलं अनोळखी चवीला बिचकतात. नुकतं चालायला लागलेलं पोर दिसेल ते पान तोंडात घालू नये, यासाठीची ही उपजत सावधगिरी असावी, असं शास्त्रज्ञ मानतात. ती समजावून जात नाही, ओळखीने जाते. जबरदस्ती न करता एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखायला दिली की बरीच मुलं ती खायला लागतात. पण दोनदा ताटात उरलेलं पडवळ आपण बाजारातून तिसऱ्यांदा आणतो कुठे? पिशवीत ते येतंच.

ओळख तर जन्माआधीच सुरू होते. चव आणि वासावर संशोधन करणाऱ्या, फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांचा २००१चा प्रयोग प्रसिद्ध आहे: गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना आयांनी गाजराचा रस प्यायला, तर त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचं खाणं भरवताना कमी तोंडं वाकडी केली.

ताजेपणाचंही आहेच. तोडलेली भाजी श्वास घेत राहते, स्वतःतली साखर खर्च करते. मटाराचा गोडवा पिठूळ होत जातो, उकाड्यात पालकातलं क जीवनसत्त्व दोन-तीन दिवसांत बरंचसं उडतं. लाल भोपळ्याला मात्र काही घाई नसते. आणि वर्गणीची भाजी म्हणजे बिनफवारणीची, असंही नव्हे. ते शेतकऱ्याला विचारावं लागतं. इथे निदान विचारता तरी येतं.

परवा लेकीने पडवळाच्या चकत्या बोटांत अंगठ्या म्हणून घातल्या. एक चावून पाहिली, थुंकली. माझ्या हिशेबाने ती सहावी वेळ.