पत्रकाराचा प्रश्न आणि विरोधकाचा प्रश्न: बेलफास्टच्या बॉयलरची गोष्ट

‘विरोधकांचं काम आता माध्यमंच करताहेत’ असं कुणी म्हणतं, तर कुणी म्हणतं, ‘हे कसले पत्रकार, हे तर विरोधी पक्षाचे प्रवक्ते’. दोघेही सरकारला धारेवर धरतात, प्रश्नही बऱ्याचदा तेच असतात, म्हणून ही गल्लत होते. दोन कामं वेगळी करून पाहायची तर उत्तर आयर्लंडचं उदाहरण चांगलं. तिथे २०१६ पर्यंत अधिकृत विरोधी पक्ष ही सोयच नव्हती.

तो ब्रिटनचाच भाग. राजधानी बेलफास्टमधल्या स्टॉरमाँट या विधानसभेच्या जागेवरून चालणारं तिथलं सरकार लंडनच्या संसदेने १९९८ साली कायद्याने दिलेल्या अधिकारांवर चालतं. आपल्या राज्यांचे अधिकार राज्यघटनेतून येतात. तिथले लंडन परत घेऊ शकतं. यादवीनंतरच्या समझोत्यात दोन्ही समाजांचे (ब्रिटनसोबत राहू पाहणारे युनियनिस्ट आणि आयर्लंडशी जोडलं जाऊ पाहणारे नॅशनलिस्ट) मोठे पक्ष एकत्र सत्तेत बसतील अशी रचना झाली. सगळेच मंत्री, मग जाब कोण विचारणार? २०१६ च्या कायद्याने विरोधी बाकांना दर्जा मिळाला आणि त्या मे महिन्यात अल्स्टर युनियनिस्ट आणि नॅशनलिस्ट बाजूची एसडीएलपी हे पक्ष सत्तेबाहेर बसले.

काही महिन्यांतच त्यांच्यासमोर ‘आरएचआय’ (रिन्यूएबल हीट इन्सेंटिव्ह) योजनेचं प्रकरण आलं. लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर (पेलेट) चालणारे बॉयलर लावणाऱ्या उद्योगांना अनुदान देणारी ही योजना २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा खात्याच्या मंत्री होत्या आर्लीन फॉस्टर. ब्रिटनच्या मूळ योजनेत ठरावीक तासांनंतर अनुदानाचा दर उतरायचा. बेलफास्टने ते कलमच गाळलं. एक पौंडाचं इंधन जाळलं की साधारण एक पौंड साठ पेन्स परत! रिकामी शेड तापवून एक शेतकरी वीस वर्षांत दहा लाख पौंड कमावणार, अशी निनावी तक्रारही आली. पैसा लंडनच्या तिजोरीतून येतो, या समजामुळे खात्यात कुणाला घाई नव्हती. वीस वर्षांत सुमारे ४९ कोटी पौंड जादा जातील असा अंदाज निघाला.

हे बाहेर कुणी काढलं? खरं तर आधी दोघांनीही नाही. जुलै २०१६ मध्ये लेखापरीक्षकांचा अहवाल आला, मग विधानसभेच्या लोकलेखा समितीने अधिकाऱ्यांना समोर बसवलं. तो कागदी विषय घराघरांत नेला तो ६ डिसेंबरच्या बीबीसीच्या ‘स्पॉटलाइट’ या टीव्ही कार्यक्रमाने. नंतर फॉस्टर यांच्याच पक्षाचे माजी मंत्री जोनाथन बेल यांनी बीबीसीचे पत्रकार स्टीफन नोलन यांच्या कॅमेऱ्यासमोर स्वपक्षाच्या सल्लागारांवर आरोप केले. नाराज मंत्री विरोधी पक्षाच्या कचेरीत जाऊन असं बोलला असता, असं मला वाटत नाही. त्याला कॅमेरा हवा होता.

पत्रकाराला उत्तर द्यायला मंत्री बांधील नसतो. माहिती अधिकारात पत्रकार अर्ज करू शकतो, पण नोंदच नसेल तर हाती काय येणार? या योजनेच्या नंतर झालेल्या चौकशीत सनदी सेवेच्या प्रमुखांनी सांगितलं की काही बैठकांची टिपणं ठेवली जात नसत, आणि त्यामागे माहिती अधिकाराची धास्तीही होती. बदनामीच्या खटल्याची टांगती तलवार वेगळीच. इंग्लंड-वेल्सला २०१३ मध्ये मिळालेला सुधारित कायदा उत्तर आयर्लंडला तेव्हा लागू नव्हता.

आमदाराचं तसं नाही. सभागृहातल्या बोलण्यावर बदनामीचा खटला होत नाही, मंत्र्याला अधिकृत उत्तर द्यावं लागतं आणि शेवटी मतदान घेता येतं. पण १९ डिसेंबर २०१६ ला, तोवर मुख्यमंत्री झालेल्या फॉस्टर यांच्याविरुद्धचा प्रस्ताव ३९ विरुद्ध ३६ मतांनी पुढे असूनही पडला, कारण दोन्ही समाजांच्या आमदारांचा पुरेसा पाठिंबा लागतो. सरकार पडलं ते ९ जानेवारी २०१७ ला सत्तेतल्याच शिन फेन या नॅशनलिस्ट पक्षाचे उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला तेव्हा. तिथे ही दोन पदं जोडीचीच, एक गेलं की दुसरंही जातं.

मार्चमध्ये निवडणूक झाली, पण जानेवारी २०२० पर्यंत सरकारच बनलं नाही. सभागृह बंद पडलं की विरोधकाचं हत्यारही बंद पडतं. ना प्रश्नोत्तरं, ना समिती, ना मतदान. त्या काळात न्यायमूर्ती पॅट्रिक कॉग्लिन यांच्या चौकशीत बसून साक्षीमागून साक्ष टिपत राहिले ते वार्ताहर. मला विचाराल तर दोघांतला सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो.

मार्च २०२० च्या कॉग्लिन अहवालाने दोघांनाही थोडं आवरलं. भ्रष्टाचार हे मूळ कारण नव्हतं, चुका आणि हलगर्जी साचत गेली, असा निष्कर्ष निघाला. ‘घोटाळा’ म्हणून निवडणूक लढवलेल्या पक्षाला तो फारसा कामाचा नाही. पत्रकाराला मात्र तोच सविस्तर छापावा लागतो, आपली जुनी हेडलाइन त्याने फिकी पडली तरी.

२०२२ मध्ये पुन्हा ठप्प झालेलं स्टॉरमाँट फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं, तेव्हा विरोधी बाकांवर एसडीएलपी बसली आणि मॅथ्यू ओटूल विरोधी पक्षनेते झाले. नव्वदच्या सभागृहात त्यांच्या पक्षाचे आमदार आठ.