डिजिटल इतिहासाचे प्राथमिक अध्यापन

पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांना संगणक व इंटरनेटच्या आधारे ऐतिहासिक साधने शोधणे, पारखणे, त्यांची कोष्टके करणे आणि त्यांवरून इतिहास मांडणे शिकवण्याची पद्धत. यात प्रोग्रॅमिंग यावेच असे नाही. पुष्कळ ठिकाणी ते येतही नाही. भर असतो तो साधनचिकित्सेवर. अस्सल कागद पडद्यावर येईपर्यंत त्याला कोणाकोणाचे हात लागले, वाटेत काय गळाले आणि काय घुसले, हे विद्यार्थ्याला ओळखता आले पाहिजे.

या विषयाची घडण मुख्यतः १९९० नंतर अमेरिकेत झाली. व्हर्जिनिया विद्यापीठात एडवर्ड एअर्स यांनी ‘व्हॅली ऑफ द शॅडो’ हा प्रकल्प उभारला. यादवी युद्धाच्या काळातील दोन परगणे, उत्तरेच्या बाजूचा फ्रँकलिन आणि दक्षिणेच्या बाजूचा ऑगस्टा, यांची वृत्तपत्रे, पत्रे, रोजनिश्या व जनगणनेच्या नोंदी त्यात एकत्र आल्या. तयार निष्कर्ष हाती न देता विद्यार्थ्याला थेट कागदांच्या ढिगापुढे बसवण्याची रीत येथून रुळली. रॉय रोझेनझ्वाइग यांनी १९९४ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात स्थापन केलेल्या केंद्रातून पुढे संदर्भ सांभाळणारे झोटेरो (२००६) आणि ऑनलाइन प्रदर्शने मांडण्यासाठीचे ओमेका (२००८) ही विनामूल्य साधने आली.

नवख्यांच्या वर्गात लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाची इतिवृत्ते फार उपयोगी पडतात. १६७४ ते १९१३ या काळातील १,९७,७४५ खटले २००३ पासून टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर खुले झाले. गुन्हा, शिक्षा, आरोपी स्त्री की पुरुष, अशा कसोट्या लावून पहिल्याच तासाला आलेख काढता येतो, आणि फसताही येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर चोरीचे खटले घटलेले दिसतात. लंडनकर एकाएकी प्रामाणिक झाले, असे कोणीतरी म्हणतेच. प्रत्यक्षात १८५५ च्या कायद्यानंतर किरकोळ चोऱ्यांचे खटले खालच्या न्यायालयांत चालू लागले, म्हणून या दप्तरातला आकडा उतरला. आलेख न्यायालयाच्या कामाचा होता, गुन्हेगारीचा नव्हता. ही ठेच व्याख्यानापेक्षा जास्त शिकवते. याच प्रकल्पावरून मजकूर-ओळखीच्या, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरे यंत्राकडून वाचून घेण्याच्या, मर्यादाही दाखवता येतात. जुन्या इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो. म्हणूनच १८३४ पर्यंतची इतिवृत्ते दोनदा स्वतंत्रपणे हाताने टंकित करून प्रती ताडून पाहिल्या गेल्या.

दुसरा धडा तारखांचा. स्प्रेडशीट हे साधे अवजार, पण एक्सेल १९०० पूर्वीच्या तारखेला तारीख मानतच नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याची पहिली अडचण तिथेच सुरू होते. शिवराज्याभिषेकाचे उदाहरण मराठी वर्गात चांगले चालते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ हा दिवस इंग्रजांच्या ज्युलियन गणनेने ६ जून १६७४, तर गोव्याच्या पोर्तुगीजांनी स्वीकारलेल्या ग्रेगोरियन गणनेने १६ जून. एकाच रकान्यात दोन्ही प्रकारच्या तारखा भरल्या, तर एका घटनेच्या दोन घटना होतात आणि संगणक तक्रार करत नाही. म्हणून मूळ नोंद जशीच्या तशी एका रकान्यात आणि रूपांतरित तारीख दुसऱ्या रकान्यात ठेवायला शिकवतात.

वादग्रस्त प्रयोगही झाले. जॉर्ज मेसन विद्यापीठात मिल्स केली यांच्या अभ्यासक्रमात २००८ मध्ये विद्यार्थ्यांनी एडवर्ड ओवेन्स नावाचा ‘शेवटचा अमेरिकन समुद्री चाचा’ बनवला, त्याच्यासाठी ब्लॉग चालवला, विकिपीडियावर लेखही चढवला. काही जाणकारही फसले. २०१२ मध्ये पुढच्या तुकडीने रचलेली एका मालिका-खुन्याची कथा मात्र रेडिट या चर्चास्थळावरील वाचकांनी २६ मिनिटांत उघडी पाडली. खोटेपणा घडवून पाहिला की पारखताही येतो, हा केलींचा युक्तिवाद. सार्वजनिक ज्ञानकोशात कचरा टाकण्याचा हक्क वर्गाला कोणी दिला, हा आक्षेप. आक्षेप अधिक वजनदार वाटतो. तोच धडा वर्गाच्या चार भिंतींत, बनावट पत्र रचून आणि ते एकमेकांकडून तपासून घेऊनही देता येतो.

मराठी विद्यार्थ्यांपुढे मोडीचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील अफाट कागद मोडीत आहेत. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, स्थान मिळाले, पण स्कॅन केलेले पान केवळ चित्र असते. त्यात शोध लागायचा तर आधी कोणीतरी ते वाचून देवनागरीत उतरवावे लागते. जुन्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, ही मोठी सोय. मात्र मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. ‘दिन’ की ‘दीन’ हे लिप्यंतर करणारा संदर्भावरून ठरवतो. एक लिहिले की दुसऱ्याने शोधणाऱ्याला ते पत्र सापडत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या स्वाध्यायात शेजारी आणखी एक रकाना आखून घेतात: येथे काय वाचले, कशावरून, आणि दुसरे काय वाचता आले असते.