एकट्याने कराटे शिकताना मेंदू कुठे फसतो?

मावाशी गेरी, म्हणजे कराटेतली बाजूने फिरवून मारायची लाथ, व्हिडिओत फार सोपी दिसते. ती मारताना ज्या पायावर आपण उभे असतो, तो चवड्यावर फिरवून टाच समोरच्याच्या दिशेने न्यावी लागते. तो फिरला नाही तर कंबर वळते, पाऊल जागीच राहतं आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो. मुंबईतल्या सोसायटीच्या गच्चीवर, चायना मोझॅकवर रबरी तळव्याचे बूट घालून सराव करणाऱ्याचं पाऊल सहज अडकतं. गंमत म्हणजे त्याला स्वतःला मात्र पाय व्यवस्थित फिरला असंच वाटत असतं.

डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं, ते स्नायूंमधल्या आणि कंडरांमधल्या संवेदकांमुळे. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असं नाव दिलं. पण स्नायू किती ताणला गेला, एवढंच हे संवेदक सांगतात. किती ताणला जायला हवा होता, ते त्यांना ठाऊक नसतं. सुधारणेचं काम बरंचसं लहान मेंदू करतो. हालचालीतून काय जाणवेल याचा तो आधी अंदाज बांधतो, प्रत्यक्ष जाणवलेल्याशी ताडून बघतो आणि फरक दिसला की पुढच्या वेळी दुरुस्ती करतो. पण मुळातला नमुनाच चुकीचा पक्का झाला असेल तर? फरक दिसतच नाही. अशी लाथ रोज शंभरदा मारली तरी सुधारत नाही, फक्त सफाईदार होते.

म्हणून बाहेरून बघणारे सर लागतात. मात्र त्यांनी प्रत्येक लाथेमागे बोलत राहावं असं नाही. सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ साली तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन एक विचित्र गोष्ट दाखवली. सतत सूचना मिळाल्या की सराव चालू असताना कामगिरी सुधारते, पण सूचना थांबल्या की ढेपाळते. शिकणारा आपल्या शरीराचं ऐकणं सोडून सरांच्या आवाजावर विसंबू लागतो. शाळेच्या हॉलमधल्या भरगच्च वर्गात ‘सर माझ्या मुलाकडे बघतच नाहीत’ अशी पालकांची कुरकुर असते. अधूनमधून न बघणं मला तरी तितकंसं वाईट वाटत नाही. अजिबातच बघत नसतील, तर गोष्ट वेगळी.

खरी अडचण पुढे येते. काहीतरी दिसल्यावर साधी प्रतिक्रिया द्यायलाही माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. डावीकडे सरकू की हात वर घेऊ, हे ठरवायचं असेल तर आणखी वेळ जातो. जवळून आलेला ठोसा तेवढी सवड देत नाही. कसलेला खेळाडू तो अडवतो, कारण तो ठोशाची वाट बघतच नाही. खांदा किंचित हलला, वजन मागच्या पायावर गेलं, एवढ्यावरून त्याचा मेंदू पुढचं ओळखतो. हे वाचन हवेत ठोसे मारून येत नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जुदोची कोडोकान शाळा स्थापली. तिथे ठरावीक डावांबरोबर रांदोरी, म्हणजे जोडीदाराशी मोकळी झुंज, शिक्षणाचा गाभा मानली गेली. आपल्या तालमीतही मल्ल कितीही जोर-बैठका मारो, खडाखडीला समोर जोड लागतेच. दोघांचा जोर कुठे आवरायचा, हे सांगायला वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा असतो.

दमसास, ताकद, लवचिकता, पाठ झालेला काता (ठरावीक क्रमाच्या हालचालींची मालिका) यांसाठी एकट्याचा सराव उत्तम. फक्त एकच लाथ पन्नासदा मारून मग दुसरी घेण्यापेक्षा तीन-चार प्रकार उलटसुलट मिसळावेत. शे आणि मॉर्गन यांच्या १९७९ च्या प्रयोगात असा मिसळलेला सराव करताना जड गेला, पण नंतर जास्त लक्षात राहिला. स्वतःचं चित्रण करायला मोबाइल समोर न ठेवता बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवावा. चित्रण बघण्याआधी काय चुकलं असेल ते मनाशी ठरवावं आणि मगच बघावं. फेकण्याचे डाव मात्र यात धरू नयेत. मान सांभाळून पडायला शिकण्यासाठी गादी आणि शिकवणारा माणूस, दोन्ही जागेवर हवेत.